याडीच्या कापसाला ठेवलेली नावं

तांड्यावरच्या एका बाईला मी नऊ वर्षं ठकवलं. काट्यावर नाही. माझा काटा कोणीही तपासावा. तिच्या चांगल्या कापसाला मी दरवर्षी वाईट म्हटलं, आणि शेवटी तिच्या लेकीच्या हाताला खोटा दोष लावला. बाकी धंद्यात मी काय केलं त्याची मला लाज नाही. ह्याची आहे.

खेड्यापाड्यांत फिरून कापूस विकत घ्यायचा आणि सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीला घालायचा, हा माझा धंदा. त्याआधी लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये मी हमाल होतो. पाठीवर कापसाचे बोरे वाहताना डोळे उघडे ठेवले, एवढंच माझं शिक्षण. तिथे कळंबचा एक दलाल यायचा. त्यानं मला हाताखाली घेतलं. चिमटीत कापूस धरून धागा कसा ओढायचा, गंजीत कोपरापर्यंत हात घालून ओल कशी ओळखायची, हे त्यानं शिकवलं. आणि एक गोष्ट तो रोज सांगायचा: "माल आवडला का थोबाड असं करायचं, जसा कडुनिंब चावला." आवडलेलं तोंडावर दिसलं की भाव चढलाच म्हणून समजा.

सात वर्षं मी त्याच्यामागे फिरलो. माझा हात त्याच्यापेक्षा चांगला झाला, हे त्याला कळत होतं. माझ्या पाठीमागे तो दहा जणांना सांगायचा. माझ्या तोंडावर त्यानं एकदाही म्हटलं नाही. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

मालाला नावं ठेवणं ही आमच्याकडची रीत आहे. घेणारा म्हणतो, "हा कापूस हाय का जुन्या गादीतून काढला?" विकणारा म्हणतो, "शेट, डोळे यवतमाळात ठेवून आले काय?" दोघं हसतात, चहा होतो, भाव ठरतो. नावं ठेवली नाहीत तर विकणाऱ्यालाच शंका येते की ह्याला माल घ्यायचा आहे की नाही. दोन्ही बाजूंना माहीत असतं की हे सगळं बोलायचं म्हणून बोललेलं आहे.

याडीला ते माहीत नव्हतं. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणून मीही. तिचा नवरा पांढरकवड्याहून हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचा. आधी कापूस तोच विकायचा आणि मला चांगला पुरून उरायचा. मग त्याचं घरी येणं कमी झालं आणि विक्री याडीवर आली. पहिल्या वर्षी मी सवयीनं म्हटलं, "पत्ती लय हाय, याडी." मला वाटलं, आता ही माझ्या डोळ्यांना नावं ठेवेल. ती खाली वाकली, गंजीतला मूठभर कापूस उचलून नीट पाहिला आणि म्हणाली, "हो काय?"

पुढच्या वर्षी तिच्या कापसात वाळक्या पानाचा एक तुकडा नव्हता. मी दोनदा हात घालून पाहिलं. मग म्हटलं, "ओल हाय." त्याच्या पुढच्या वर्षी तिनं कापूस दोन दिवस अंगणात उन्हाला घातला होता, आणि राखण करत स्वतः शेजारी बसली होती. मी म्हटलं, "पिवळा मिसळला." त्यानंतर पिवळ्या कापसाची वेगळी ढेरी दिसू लागली. मी खोटं बोलायचो आणि ती ते खरं धरून दुरुस्त करायची. माझ्या खोटेपणानं तिचा कापूस दरवर्षी सुधारत गेला आणि मला दरवर्षी नवा दोष शोधावा लागला.

तिसऱ्याच वर्षी मला कळलं होतं की ही बाई हा खेळ खेळत नाही. मी तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही, कारण न भांडणारा विकणारा कोणाला नको असतो?

ती वर्षंही कशी होती ते सांगितलं पाहिजे. बोंडं अळीनं आतून पोकळ व्हायची. पेपरात आपल्या जिल्ह्याचं नाव दिसलं की लोक पान उलटायचे. चहाच्या टपरीवर माणसं मोठ्यानं बोलत नसत. बियाण्याला, फवाऱ्याला, सरकारला, सगळ्यांना शिव्या मिळत होत्या. चांगला शब्द मात्र कोणाजवळ उरला नव्हता. माझ्याजवळ एक होता, हातानं तपासलेला, खरा. तो मी तिला दिला नाही.

आणि त्या कापसाचं सुख मात्र मी घेत होतो. दरवर्षी तिची गंजी भरून झाली की मी मूठभर कापूस शर्टाच्या खिशात टाकायचो. परतताना एका वळणावर मोहाचं झाड आहे. तिथे गाडी बाजूला लावायचो आणि सावलीत बसून तो कापूस काढायचो. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढला की धागा लांब होत जायचा, तुटायचा नाही. उन्हाकडे धरला की त्याला एक ओली चमक दिसायची, दुधावरच्या सायीसारखी. त्या दहा मिनिटांत मी कोणाशी भांडत नसे. वर्षभरात मला खरोखर बरं वाटायचं ते तेवढंच. पण ते मी चोरट्यासारखं, रस्त्याच्या कडेला, पाठ फिरवून घ्यायचो.

ताकाचंही तसंच. याडी मला गेल्याबरोबर ताक द्यायची. भाजलेलं जिरं, लसणाची पाकळी ठेचलेली, आंबटढाण. मी ते गटागट प्यायचो. एका वर्षी म्हटलं, आंबट हाय. पुढच्या वर्षी ताक गोडसर मिळालं. मला आंबटच आवडायचं. ते सांगायला तोंड उरलं नव्हतं.

नवव्या वर्षी माझ्याजवळचे दोष संपले. कापूस पांढरा, कोरडा, स्वच्छ. याडीची लेक गंजीशेजारी बसून उरलेली बोंडं निवडत होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. असा वेचणारा हात मी दुसरा पाहिला नाही. बोंडाचं काटेरी टोक न लागू देता पाच बोटांनी ती कापूस असा उचलायची, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावरून पांघरूण काढावं. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "वेचणाऱ्याचा हात जड हाय, याडी. धागा मरून राह्यला."

वेचणाऱ्याच्या हातानं धागा मरत नाही. जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदारही हे सांगेल. याडीनं आधी स्वतःचे हात पाहिले. मग पोरीचे. पोरीनं ते ओढणीखाली घेतले.

दहाव्या वर्षी पोर दिसली नाही. मी विचारलं तर याडी म्हणाली, "तिले वेचाले नाही घेत आता. बकऱ्या देल्ल्या तिच्याकडे." वेचणी मजुरीच्या बायांनी केली होती आणि कापसात सरळ सरळ पत्ती होती. त्यापुढच्या वर्षी पोरीचं लग्न झालं होतं. त्या वर्षीचा कापूस आणखी वाईट निघाला. त्या दोन वर्षांत कापसाबद्दल मला खोटं बोलावं लागलं नाही. अकराव्या वर्षानंतर मी त्या बाजूला जाणंच सोडलं. माल राहिला नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढे दोन वर्षांनी यवतमाळात माझ्याच दारात भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडताना मला भोवळ आली आणि मी पडलो. डॉक्टरनं बीपी सांगितलं. मीठ कमी करा, चाला, डोकं थंड ठेवा, आणि दिवसातून थोडा वेळ बरं वाटेल असं काही करत जा. बाकीचं माझ्यावर सोडून बायकोनं शेवटचं तेवढं हातात घेतलं. "रोज सकाळी एका गोष्टीले चांगलं म्हणाचं. मोठ्यानं. माह्यासमोर," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं चहा पुढे ठेवला.

"ठीक हाय," मी म्हणालो.

"ठीक नाही. चांगला का वाईट?"

"पिऊन राह्यलो ना."

"पेते तं ढोर बी."

एक चहा चांगला आहे हे म्हणायला मला आठ दिवस लागले. हसू नका. ज्याची जीभ वीस वर्षं एकाच बाजूला वळली, त्याला विचारा. नवव्या दिवशी म्हटलं, आणि बायको स्वतःचा कप घेऊन माझ्याजवळ ओट्यावर बसली. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की कोणी भाव वाढवला नाही.

मग हळूहळू जमायला लागलं. थंडीतलं सकाळचं ऊन आधी गुडघ्यांवर येतं, मग हातांवर. तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा सोडवला की आतून वाफ येते, त्यात जवसाची चटणी आणि थोडं तेल. शेवग्याची फुलं अंगणात पडतात आणि झाडू मारायच्या आधी पाच मिनिटं तशीच राहू द्यावीशी वाटतात. हे सगळं आधीही होतंच. मी त्याच्याकडे घेणाऱ्याच्या नजरेनं पाहत होतो, म्हणून त्यात उणं दिसत होतं. आता एकेका गोष्टीला चांगलं म्हणताना बरं वाटायचं. पण ज्यांना म्हणायचं राहिलं ते मागे रांग लावून उभे असल्यासारखे वाटायचे.

एका सकाळी बायको ओला हरभरा सोलत होती. म्हणाली, "कापसात एवढा जलम गेला तुमचा. त्यात काहीच चांगलं नव्हतं?"

मी तिला सगळं सांगितलं. मोहाचं झाड, खिशातला कापूस, पोरीचा हात. तिचे हात थांबले.

"मंग तिले सांगतलं?"

"धंद्यात सांगत नसतात."

"मले बी नाही सांगतलं कधी. मी काय कापूस विकते?"

मी उसळलो. म्हटलं, हे त्या कळंबच्या म्हाताऱ्यानं शिकवलं, मला ज्यानं एक चांगला शब्द दिला नाही त्यानं, मी काय जन्मतः असा होतो?

"त्याच्याशी मंग भांडा," ती म्हणाली. "तो कुठी पळून नाही जात. आधी तिच्याकडे जा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी तांड्यावर पोचलो. याडी ओसरीत तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते. तिनं ओळखलं, उठली, ताक आणून दिलं. गोडसर.

"ताक चांगलं हाय, याडी."

तिनं वाकून माझ्या गिलासात पाहिलं. काही पडलं असेल असं तिला वाटलं.

"तुझा कापूसही चांगला होता. माझ्या हाताखालून गेला त्यात सगळ्यात चांगला."

"यंदा कापूस नाही पेरला, शेट. तूर हाय. तूर घेता का?"

"घ्यायला नाही आलो काही."

"मंग काहून गोड बोलून राह्यले?"

मी सगळं सांगितलं. नावं ठेवायची रीत, विकणाऱ्यानं उलटून बोलायचं असतं ते, आणि ती बोलत नव्हती हे मला कळलं होतं तेही. तिनं सूप मांडीवर धरलं होतं. एकेक विचारत गेली.

"पत्ती?"

"पहिल्या वर्षी थोडी. सगळ्यांच्या असते तेवढी."

"ओल?"

"नव्हती."

"पिवळा?"

"नव्हता."

शेवटचं तिनं विचारलं नाही. ती सुपातल्या तुरीकडे पाहत राहिली. तिनं विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. शेवटी मीच म्हणालो, "हात पण जड नव्हता पोरीचा. तसा हात मी पाहिला नाही."

याडीनं सूप खाली ठेवलं.

"मी तिले मारलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी, तुमी गेल्यावर. म्हटलं, वरसभर राबतो अन् तुह्या हातानं माती होते. आता दिवाळीले आलती तं शेजारणीनं बोलावलं वेचाले. नाही गेली. म्हणे माहा हात वाईट हाय. सासूले बी तिनंच सांगतलं. ते पोरगी कापसाच्या गावात राहते अन् दुसऱ्याच्या वावरात दगड वेचते."

मी म्हणालो की मला ज्यानं शिकवलं त्यानं असंच शिकवलं होतं.

"तो नव्हता आला इथं. तू आलता."

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा तू म्हणाली. मी घाईनं म्हटलं की पोरीसाठी चांगलं लुगडं पाठवतो, तिच्या घरासाठी काही पाठवतो, याडी म्हणेल ते. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की मी काय करतो आहे.

"भाव नको करू," याडी म्हणाली. ती उठली, दोरीवरची ओढणी घेतली आणि डोक्यावरून ओढली. "पांढरकवड्याच्या अलीकडे हाय तिचं गाव. गाडी आणली ना तू? चाल. मले सांगून काय होते, मी तं तुह्यं ऐकून तिले मारून बसली. तिच्या दारात उभा राह्य, तिच्या सासूसमोर, अन् तिच्या हाताकडे पाहून बोल. काय दोष होता त्या हातात, त्याचा जबाब तिले दे."