मी काकाच म्हटलं होतं

सगळं कोर्ट हसलं.

शिपाई हसला. कारकून हसले. खिडकीच्या गजांना धरून उभी असलेली माणसं हसली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. मी साक्षीच्या पिंजऱ्यात एका खोक्यावर उभी होते. खोकं नसतं तर माझं डोकं कठड्याच्या वर आलं नसतं.

मी आठ-नऊ वर्षांची होते.

आरोपीच्या वकिलाने तमिळमध्ये विचारलं होतं, "वळ्ळीला कोणी मारलं?" मला तमिळ येत होतं. तंजावूरात जन्मून कोणाला येत नाही? पण भीती वाटली की तोंडात घरची भाषा येते, आणि आमच्या घरात मराठी. मी म्हटलं, "काका."

तमिळमध्ये काक्का म्हणजे कावळा.

मला काय म्हणायचं होतं ते वकिलाला पक्कं ठाऊक होतं. राजवाड्याच्या गल्लीत त्याचं रोजचं जाणंयेणं होतं. मराठी घरांत जेवलेला माणूस तो. तरी तो कोर्टाकडे वळला आणि हात पसरून म्हणाला, "काक्का? कशाने मारलं पाप्पा, सांग बाळ, चोचीने की पंखाने?"

आणि कोर्ट हसलं.

मी ओरडून सांगायला हवं होतं, असं लोक म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांना कधी पिंजऱ्यात उभं केलं नाही ते.

काका आमचे नात्यातले कोणी नव्हते. राजवाड्यामागे त्यांचं घर, ओरत्तनाडुकडे त्यांची शेतं. माझी आई विधवा. त्यांच्याकडे स्वयंपाक करायची. घर मराठी, जात एक, म्हणून मी त्यांना काका म्हणायचं असं आईने शिकवलं होतं. वळ्ळी त्यांच्या गोठ्यात काम करायची. पंधराएक वर्षांची असेल. शेतावरच्या चेरीतून, गावाबाहेरच्या वस्तीतून आणलेली पोर. तिने परसातून पुढं यायचं नाही, विहिरीला शिवायचं नाही. तिला पाणी वरून ओतायचं.

त्या दुपारी ओतायला कोणी नव्हतं. आई देवळात गेली होती. वळ्ळी शेण काढून आली, पायरी चढली आणि ओसरीवरच्या घागरीतून हाताने पाणी घेतलं. काका आतून आले. त्यांच्या हातात काठी होती. पहिला फटका खांद्यावर. दुसरा डोक्यात. वळ्ळी पायरीवरून गेली ती धुण्याच्या दगडावर. मग काकांनी घागर उचलली आणि विटाळली म्हणून सगळं पाणी परसात ओतून टाकलं.

मी दाराच्या आड होते. हे मी पाहिलं. ह्याच क्रमाने पाहिलं. वळ्ळी दोन दिवसांनी इस्पितळात मेली.

वळ्ळीचा बाप माणिक्कम. त्याने फिर्याद दिली आणि त्या घरात असणारी पोर म्हणून माझं नाव सांगितलं. म्हणून सबइन्स्पेक्टर आला. मला ठाण्यात नेलं नाही, कुठं एकटीला बसवलं नाही. काकांच्याच दिवाणखान्यात उभं केलं. काका झोपाळ्यावर बसून हळूहळू झोके घेत होते. सबइन्स्पेक्टरने माझ्या हातात हलव्याची बशी दिली आणि विचारलं.

"घाबरू नकोस पाप्पा. वळ्ळी पडली तिथं पाणी होतं ना?"

"होतं."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"मग पाय घसरला तिचा."

"नाही. काकांनी मारलं."

"ते राहू दे. पाणी होतं की नव्हतं?"

"होतं."

"बघ. पाण्यात पाय घसरतो ना? तुझा कधी घसरला नाही?"

माझा घसरला होता. कोणाचा घसरत नाही?

तो पुन्हा आला. मग वकील आला. मग काकू मला वेणी घालताना विचारू लागल्या. प्रत्येक वेळी पाणी आधी आणि वळ्ळी नंतर. मी नाही म्हटलं की सगळे गप्प बसायचे. होय म्हटलं की लाडू. असं किती वेळा झालं मला माहीत नाही. पण एके दिवशी डोळे मिटले तर मला वळ्ळीची टाच दिसली. ओल्या पायरीवरून सरकणारी टाच. स्पष्ट. मी ती पाहिलीच नव्हती. ती त्यांनी माझ्या डोक्यात ठेवली. आजही आहे ती तिथं. काठी दिसते आणि तिच्या शेजारी ती खोटी टाच दिसते. काठी खरी, टाच खोटी, हे मला रोज स्वतःला सांगावं लागतं.

ह्याची भरपाई कोण करणार?

तरी कोर्टात सरकारी वकिलाने जांभई देत विचारलं, "पाय घसरला का?" तेव्हा मी म्हटलं, "नाही." म्हणून काकांचा वकील उठला. वळ्ळीचा परकर कुठल्या रंगाचा? मी हिरवा म्हटलं. त्याने निळा काढून दाखवला. काठी कुठल्या हातात? मी माझा उजवा हात वर केला. "समोर उभ्या माणसाचा तो डावा की उजवा?" मी गोंधळले. मग शेवटचा प्रश्न, आणि कावळा.

काका सुटले. बाहेर त्यांना हार घातला.

आई मला ओढत नेत होती. तिचं काम गेलंच होतं, ते तिला कळून चुकलं होतं. "का बोललीस ग?" एवढंच ती आमच्या तंजावुरी मराठीत म्हणत होती. "आम्हाला ह्या गावात राहायचं आहे म्हणून तुज कळत नाही?"

कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली माणिक्कम उकिडवा बसला होता. मला वाटलं, हा आता मला शिव्या देणार. तो उठला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाप्पा, काय झालं ते सांग."

पुढं काही नाही. घसरली का, मारलं का, हात कुठला. काही नाही. गप्प बसून राहिला.

आणि मी सांगितलं. तमिळमध्ये, न अडखळता. शेणाची पाटी, पायरी, घागर, काठी. खांदा, डोकं, दगड. मग ओतलेलं पाणी. कोणी कधी न विचारलेलंही आलं. वळ्ळी पडल्यावर "तण्णि" म्हणाली, पाणी. आणि पाणी तिच्या अंगावरूनच वाहत होतं.

आईने माझा हात सोडला होता. ती झाडाला टेकून उभी राहिली होती.

माणिक्कमने डोळे पुसले नाहीत. "एवढं सगळं तुझ्याजवळ होतं," तो म्हणाला आणि उठून चालू लागला. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

त्या दिवशी मला कळलं. माझी आठवण मोडकी नव्हती. प्रश्न मोडके होते, आणि ते मुद्दाम मोडले होते.

शाळेत मला काक्का हे नाव पडलं. मुलं मागून काव काव करायची. आई पापड लाटायची, मी ते घरोघर पोचवायचे, आणि त्या घरांतूनही कोणीतरी काव करायचं. शाळेची शेवटची एसएसएलसी परीक्षा झाल्यावर मी मदुरैला नर्सिंग शिकायला गेले. ब्राह्मणाच्या विधवेची पोर परक्यांचं मलमूत्र काढणार म्हणून गल्लीत बोंब झाली. होऊ दे म्हटलं. वळ्ळीला मारलं तेव्हा ह्या गल्लीतून आवाज निघाला नव्हता.

शिकून मी तंजावूरलाच परत आले. मुद्दाम. मुलांच्या वॉर्डात नोकरी मिळाली.

एका सकाळी सेल्लम नावाची मुलगी आली. सात वर्षांची, हात मोडलेला. तिची आई एका तांदळाच्या गिरणीत कामाला होती. ती गिरणीतच मेली. मालक म्हणाला, बाई यंत्राच्या पट्ट्यात सापडली. पोरगी काहीच म्हणत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायची.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात सबइन्स्पेक्टर आणि त्याच्याबरोबर एक वकील. हातात सफरचंदांची टोपली. वकिलाचे केस पांढरे झाले होते, पण मी त्याला दुरून ओळखलं, काकांचाच वकील. हात पसरायची तीच तऱ्हा.

"सिस्टर, जरा बाजूला. पोरीशी चार गोड शब्द बोलायचे आहेत."

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"आत जायचं नाही. तुम्ही नाही, टोपली नाही."

सबइन्स्पेक्टर म्हणाला, "मी पोलीस आहे."

"तुम्ही पोलीस आहात. हे मालकाचे वकील आहेत. हे तुमच्याबरोबर कसे?"

वकील हसला. "तू कुठल्या घरची ग? तुझं बोलणं मराठी दिसतं."

"मी काक्का," मी म्हटलं. "चोचीने मारणारी."

त्याला आठवायला वेळ लागला. मग आठवलं. त्याच्या चेहऱ्यावरून ते उतरताना मी पाहिलं. मला त्याचा आनंद झाला. मोठा, काळा आनंद. तो लपवायचं मला काही कारण नाही.

मी दारातून हलले नाही. माझा आवाज चढलेला ऐकून वॉर्डाची डॉक्टरीण आली. मलयाळी बाई, तिखट. तिने दोघांना खाली धाडलं आणि मॅजिस्ट्रेटना निरोप पाठवला. मॅजिस्ट्रेट संध्याकाळी आले. तरुण होते. मी त्यांना म्हटलं, "साहेब, खाटेपाशी उभं राहू नका, बसा. आणि काय झालं एवढंच विचारा. पुढं ती बोलेपर्यंत गप्प राहा."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. पण स्टूल ओढून बसले.

बराच वेळ गेला. सेल्लम भिंतीशी बोलावं तसं बोलू लागली. मालक आईला कोठारात ओढत होता. तिने त्याचा हात चावला. त्याने तिला पट्ट्यावर ढकललं. सेल्लम धावली, तर तिचा हात धरून पिरगळला. आई काय ओरडत होती तेही तिने सांगितलं. मॅजिस्ट्रेट लिहीत होते. त्यांची लेखणी मध्येच थांबली, मग पुन्हा चालू लागली.

कोर्टात तोच वकील उभा राहिला. मी मागच्या बाकावर होते.

"आईचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं?"

"आठवत नाही."

"मालकाच्या अंगात शर्ट होता?"

"आठवत नाही."

"काहीच आठवत नाही! मग ढकललं हे बरं आठवतं? तुला त्या सिस्टरने शिकवलं ना?"

"हो," सेल्लम म्हणाली. "शिकवलं."

वकिलाने हात पसरले. "ऐका! काय शिकवलं? सांग सगळ्यांना."

"आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. त्याची लाज नाही. असं शिकवलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही. ढकललं ते मी बघितलं."

कोणी हसलं नाही. वकिलाने कपाळ पुसलं आणि खाली बसला. गिरणीमालकाला सजा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली. पण तो तुरुंगात गेला, आणि वकिलाला मी व्हरांड्यात अडवून म्हटलं, "ज्या खटल्यात पोर साक्षीला असेल, तिथं मला मागच्या बाकावर बघाल." तो कागद काखेत मारून निघून गेला. माझं समाधान झालं नाही. एवढ्यावर ते होण्यासारखं नव्हतं.

कारण काका जिवंत होते.

यंदा त्यांची साठी झाली. तंजावूरात साठीला पुन्हा लग्न लागतं. बायको शेजारी बसवून डोक्यावर कलशांचं पाणी ओततात. त्यांनी आईकडे निरोप धाडला. झालं गेलं विसरावं, पोरीला घेऊन पानाला यावं. आई थकली आहे. म्हणाली, "जा ग. पाया पड आणि ये. म्हातारे झाले ते."

मी गेले.

मांडव भरलेला होता. वकील पहिल्या रांगेत. कलशाचं पाणी काकांच्या डोक्यावरून गळत होतं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "ह्या माणसाने काठीने वळ्ळीला मारलं. मी पाहिलं आहे."

आधी मराठीत सांगितलं. मग तमिळमध्ये. शेणाची पाटी, पायरी, घागर.

कोणीतरी बोट हलवून वाजंत्र्यांना इशारा केला. अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून आमच्याकडे एकदम सनईसारखा नादस्वर आणि तविल हा ढोल जोरात वाजवतात. त्यांनी वाजवलं. मी थांबले. वाजवणाऱ्याला दम लागतो. तो थांबला की मी पुढचं वाक्य सांगितलं. पुन्हा वाजलं. पुन्हा थांबले. मग तविल वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने हात मांडीवर ठेवले आणि इशारा झाला तरी उचलले नाहीत. मी शेवटपर्यंत सांगितलं. पाणी मागितलं होतं ते सांगितलं.

काकांनी डोळ्यांवरचं पाणी पुसलं. "हिला बाहेर काढा," ते म्हणाले. त्यांच्या मुलांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. पदर फाटला. बायकांच्या रांगेतून एकीने विचारलेलं मी ऐकलं, "कोण ही वळ्ळी?"

विचारू देत. घरी जाऊन विचारू देत.

मला माफी नको. कोणी मागितली नाही, मागितली तरी देणार नाही. हा माणूस जिथं जिथं हार घालून बसेल तिथं मी उभी राहणार आहे.

वैशाखात त्यांच्या नातवाची मुंज आहे. आमंत्रण येणार नाही. रजेचा अर्ज मी आजच दिला.