ऊर्जानगरच्या पोरांचा मेटल अल्बम

शेवटचं गाणं ऐकून मी हेडफोन काढले, तेव्हा प्रफुल्ल माझ्या तोंडाकडेच पाहत होता.

"कसं वाटलं, भाऊ?"

चंद्रपुरात माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनं, लग्नाची गाणी, प्रचाराच्या रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती, हे माझं नेहमीचं काम. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या या बँडचं काम वेगळं होतं. डेथ आणि थ्रॅश मेटल. थ्रॅशमध्ये गिटार प्रचंड वेगात, कापत गेल्यासारखी वाजते. डेथ त्याहून जड, आणि गायक पोटातून गुरगुरतो. त्याला ग्रोल म्हणतात. ग्रोल आणि गिटार प्रफुल्लची. दिवसा तो माजरीकडे कोळशाच्या खाणीत कंत्राटावर होता. ड्रमवर इम्रान, ऊर्जानगरातल्याच एका टेलरचा मुलगा. त्याला कतारला गोदामात काम मिळत होतं, पण जायचं नव्हतं. अल्बम मुंबईच्या लेबलला, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीला पाठवायचा होता. त्यांनी घेतला तर इथेच राहणार, असं त्याने घरी सांगून टाकलं होतं.

वाजवण्यात खोट काढायला जागा नव्हती. इम्रानचे दोन्ही पाय इतक्या वेगात चालायचे, तरी एकही ठोका पुसट नाही. प्रफुल्लच्या रिफ, म्हणजे ज्यावर गाणं उभं असतं त्या गिटारच्या ओळी, ऐकताना छातीवर दाब यायचा. अडचण दुसरीच होती.

"प्रफुल्ल, गाणं मी पहिल्यांदा ऐकतोय, पण पुढे काय येणार ते मला आधीच कळतं."

"चोरलं नाई काही."

"चोरलं म्हणत नाही मी. पण वळणं तीच, थांबायच्या जागा त्याच. अन् शब्द? बर्फातलं स्मशान, दगडी चर्च. बर्फ पाह्यला का तू?"

"नाई."

इम्रान म्हणाला, "मी याले कधीचा हेच सांगून राह्यलो, भाऊ. खाणीवर लिही म्हटलं."

प्रफुल्ल गिटारच्या तारा पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "दिवसभर मी तिथीच असतो. नाकात धूळ, कानात डंपर. माझे बाबा त्याच खाणीत दबून गेले. घरी आई रोज तेच बोलते. गाण्यात बी तेच काऊन आणू? हे वाजवतो तेवढा वेळ मी इथी नसतो."

इम्रानने ड्रमच्या काठ्या पिशवीत टाकल्या.

मी मिक्सिंगला बसलो. मिक्सिंग म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज वरखाली करून सगळे नीट एकत्र बसवणं. जीव ओतून केलं. अल्बम गेला.

लेबलच्या मॅडमनी मलाच फोन केला. त्यांनी सगळा ऐकला होता.

"बँड एकदम टाइट आहे. ड्रमर तर फारच वरचा."

"मग घेताय?"

"नाही. असे अल्बम माझ्याकडे सतत येतात. हा कुठल्या गावाचा, कुठल्या देशाचा, काही कळत नाही. बँडचं नाव बदललं तरी फरक पडणार नाही."

हेच मी स्टुडिओत बोललो होतो.

दोघांना बोलावून सांगितलं. प्रफुल्ल "ठीक आहे" म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडीवर बसला. इम्रान तिथेच उभा राहिला.

"ड्रमर वरचा आहे म्हणाल्या ना त्या?"

"हो. तसंच म्हणाल्या."

"घरी तेवढं सांगतो."

तो कतारला गेला. अल्बम त्यांनी स्वतःच इंटरनेटवर टाकला. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी ड्रमची तारीफ केली, आणि मग तेही थांबलं. बँड राहिला नाही. एका भजनाच्या रेकॉर्डिंगला मी प्रफुल्लला गिटारसाठी बोलावलं. आला, स्वच्छ वाजवलं, चहाला न थांबता शिफ्टला गेला.

मिक्सिंगमध्ये दबलेला आवाज वर काढता येतो, नसलेला घालता येत नाही. नवीन बँड आला की हे मी आता रेकॉर्डिंगच्या आधीच सांगतो. तो आवाज कुठून आणायचा, असं कोणी विचारलं तर मात्र गप्प बसतो. प्रफुल्लला ती जागा पक्की माहीत होती. तिथून सुटायलाच तो वाजवत होता.