एका ‘नाई’साठी थांबणारी सभा

आलापल्लीच्या स्टँडवर आई-बाबा मला सोडायला आले होते आणि मी रागाने फुगून बसले होते. पुण्याच्या कॉलेजातला प्रवेश अगदी शेवटच्या दिवसावर आला होता, तोही एका माणसापायी. आमच्या वस्तीतल्या सोमजीकाकांपायी!

तुम्हा गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना आठवण करून देते. आपल्या गावसभेत हात वर करून मोजत नाहीत. बांबू कधी तोडायचा, तळ्यातले मासे कधी काढायचे, सगळं बसून ठरतं. एकाने जरी ‘नाई’, म्हणजे नाही, म्हटलं तरी त्याचं ऐकायचं आणि पुन्हा बसायचं. सरकारी कागद वाचून दाखवणारी मी एकटीच, म्हणून माझं जाणंही सभेपुढे आलं. सगळे हो म्हणाले. काका म्हणाले, “नाई. शिकलेली पोर गेली का वापस येत नाई. मंग कागद कोन वाचन?” झालं! सभा पुन्हा पुन्हा बसली. मी चुलतबहिणीला कागद वाचायला तयार केलं, तेव्हा कुठे ते वळले.

“एका म्हाताऱ्यासाठी अख्खं गाव काऊन थांबते?” बसमध्ये चढता चढता मी बाबांवर चिडले.

“त्याले सोडून ठरवलं असतं,” बाबा म्हणाले, “तं तो राह्यला असता कुठी?”

कॉलेजात एकदा सरांनी फळ्यावर ‘अराज्यवाद’ लिहिलं. मागून कोणीतरी “दंगल!” म्हणालं आणि वर्ग हसला. सर सांगत गेले. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात काही माणसं म्हणू लागली की डोक्यावर राजा नको, मालक नको, हुकूम सोडणारं सरकारही नको. माणसं आपखुशीने एकत्र येतात, एकमेकांच्या कामाला येतात, आपलं आपण ठरवतात. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या घड्याळ बनवणाऱ्या कारागिरांना हे पटलं. पुढे याच विचाराच्या काहींनी बॉम्ब फेकले आणि नाव कायमचं खराब झालं. स्पेनमध्ये यादवी युद्धाच्या काळात मजुरांनी मालकाशिवाय शेती आणि कारखाने चालवले. बंदुकांपुढे ते टिकलं नाही. “सर, असं कुठे चालतं का?” एकाने विचारलं. अगं बाई, मी मनात म्हटलं, हे तर आपले सोमजीकाका!

पण आपली सभा काही स्वर्ग नाही. बायका कितीतरी वर्षं मागेच बसायच्या, आणि बोलणं इतकं लांबायचं की चूल विझून जायची. आणि सरकार तर डोक्यावर होतंच, जंगलखात्याच्या जीपमधून यायचं.

आता सरांचा तोच विषय मी पुण्यात शिकवते. राहते एका सोसायटीत. मागच्या मीटिंगला ठराव आला, कामाला येणाऱ्या बायकांनी मेन लिफ्ट वापरायची नाही. भराभर हात वर गेले. मी एकटीच ‘नाही’ म्हणाले. सेक्रेटरी गोड हसून म्हणाले, “मॅडम, तुमचा विरोध नोंदवला. पुढचा विषय, पार्किंग.” का नाही, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. मला फार लागलं ते. खड्ड्यात गेली ती लिफ्ट, मी आता जिन्यानेच चढते.

परवा बाबांचा फोन आला. गावचा रस्ता रुंद व्हायचा आहे, मोहाची झाडं जातील. सगळे तयार आहेत. “पन सोमजीभाऊनं अडवलं. म्हनते, पोरीचं ऐकाचं राह्यलं.”

“मला इथे बसून काय कळतं बाबा? तुम्हीच ठरवा ना.”

तिकडे काकांनी फोन घेतला. आवाज पार थकलाय. “कळत नसन तं येऊन पाहून जाय. आमी थांबून राह्यलो.”

मी तिकीट काढलंय. हो म्हणेन की नाई, अजून माहीत नाही. पण मी बोलेपर्यंत तिथलं एकही झाड पडणार नाही. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच.