इहीर सापडत नव्हती

ताईंनी मला पहिल्यांदा एकट्याला पाठवलं ते सोनाळ्याला, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात. बुलढाण्यातलं आमचं ऑफिस म्हणजे ताई आणि मी, एवढंच. विहीर, पंप आणि वावर कसं आहे ते भरलं की कुठे किती नळी लागेल ते दाखवणारा प्रोग्राम ताईंनी स्वतः लिहिलेला. मी नववीत शाळा सोडलेला, सावंतवाडीकडचा. मोबाइल टॉवरच्या कामावर इकडे आलो आणि ताईंनी हाताला धरून शिकवलं म्हणून राहिलो. बसमध्ये सगळा रस्ता एकच धास्ती: आज फसलो तर ताई परत कधी एकट्याला पाठवायच्या नाहीत. मग आहेच आपलं ऑफिसात बसून केबली गुंडाळणं.

दुकानदार काकांना संत्र्याच्या बागेसाठी एक नवा रकाना हवा होता. तो घातला आणि प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे नव्याने जुळवून चालता करायला दिला. लाल ओळ आली. ‘ihir’ नावाचं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा वेगळा ठेवलेला एक भाग, सापडत नाही म्हणे.

मला उलट हायसं वाटलं. ही तर टायपिंगची चूक, विहिरीचा v राहिलाय! शाळा सुटल्यापासून शुद्धलेखनाची मला फार भीती. कुणी अडाणी म्हणू नये म्हणून साधा मेसेजसुद्धा वाचून वाचून पाठवतो. मी सगळीकडे नीट ‘vihir’ करून टाकलं. पुन्हा लाल. आता ‘vihir’ सापडेना. ताईंनी सोबत दिलेला पेनड्राइव्ह उघडून v पासूनची सगळी नावं बघितली. विहीर नाही म्हणजे नाही.

“काय भाऊ,” काका म्हणाले, “मशीन रुसली का? च्या पाजू का तिले?”

बाकड्यावरची गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. बाहेर येऊन फोन लावला.

“ताई, लॅपटॉपवर विहीर नाहीये.”

“नवा लॅपटॉप हाये, त्यात कुठून असन? पेनड्राइव्हात टाकली ना म्यां.”

“शोधली. विहीर नावाचं काहीच नाही.”

“विहीर कुठून आनली बे तू? इहीर म्हन.”

“इहीर.”

“हाव. तसंच लिवलं हाये. आमच्या घरी विहीर कोनी म्हनतच नाही, मंग लिवू कशाले? तुमच्याकडे काय म्हनतात?”

“बाव,” मी म्हणालो. हा शब्द बुलढाण्यात आल्यापासून तोंडातून काढला नव्हता.

“मंग तू बनवशील तवा बाव लिवजो. आता माही इहीर जागेवर ठेव.”

पेनड्राइव्हमध्ये i च्या रांगेत ती निवांत बसली होती. लॅपटॉपवर घेतली, मी केलेलं सगळं शुद्धलेखन एकेक करून पुसलं, प्रोग्रामला तिचा पत्ता दिला. या वेळी लाल काही आलं नाही. काकांनी खुर्ची पुढे ओढून संत्र्याची बाग भरायला घेतली.

मी पुन्हा बाहेर आलो. “झालं, ताई. पण आधी मीच सगळीकडे नाव बदलून ठेवलं होतं.”

“समजलं मले ते. उद्या वरवट बकालच्या दुकानात हेच टाकून ये.”

“एकट्यानंच?”

“मंग काय, बँडवाले पाठवू संग?”