खालच्या फोनची किणकिण

आमच्या जळोचीच्या घरात फोन आला तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. अर्ज करून इतका काळ लोटला होता, की अर्ज केल्याचं मी विसरूनही गेलो होतो. लाइनमनने फोन खाली, आबांच्या खोलीत बसवला. आबा म्हणजे माझे वडील. मी आणि बायको वरच्या मजल्यावर राहत होतो. आबांच्या आणि माझ्या मध्ये एक जिना होता, बारा पायऱ्यांचा. पण आमच्यात बोलणं इतकं कमी होतं, की तो जिना मला डोंगराएवढा वाटायचा.

वर दुसरा फोन घ्यायचा, हे माझं डोकं. त्याला सगळे 'पॅरलल' म्हणत. एकाच लाइनला दोन फोन जोडायचे, घंटी दोन्हीकडे वाजते, कोणीही उचलावा. मी बारामतीत ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवत होतो. त्यामुळे लाइनमनला बोलावणं मला कमीपणाचं वाटलं. खिडकीतून वायर काढली, जिन्याच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकत वर नेली आणि एका संध्याकाळी दोन्ही फोन सुरू केले. आठवडाभर मला शिंगं फुटली होती.

त्या पॅरललला एक खोड होती. वरच्या फोनची तबकडी फिरवली, की खालच्या फोनची घंटी बारीक किणकिणायची. पाच फिरवला की पाच वेळा, शून्य फिरवला की दहा वेळा. परगावचा नंबर शून्याने सुरू व्हायचा, म्हणून परगावी फोन लावला की खाली आधी ती लांबलचक किणकिण. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण कान मात्र तिखट होते. इंदापूरच्या तहसील कचेरीत तीस वर्षं काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. फायलीचं पान उलटल्याच्या आवाजावरून कोण उलटतंय ते आपण ओळखायचो, असं ते सांगत. किणकिणीवरून ते नंबर ओळखत असतील, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

फोन उचलला की आबा 'हॅलो' म्हणत नसत. 'जयभीम' म्हणत. राँग नंबरवाल्यालाही जयभीम, गॅसवाल्यालाही जयभीम. त्यांनी मॅट्रिकला असताना बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि देवादिकांची पूजा करणार नाही, खोटं बोलणार नाही अशा बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या. तोंडपाठ तर अनेकांना असतात, आबा त्या पाळत. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. कचेरीतल्या साहेबासाठीसुद्धा 'साहेब जागेवर नाहीत' असं खोटं ते कधी म्हणाले नव्हते आणि त्यापायी दोनदा कचेरीतल्या कचेरीत बदली सोसली होती. अशा माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं. मी राहिलो, बहिणीला ते जमलं नाही.

बहीण माझ्याहून धाकटी, इंदापूरला शाळेत शिक्षिका. तिने तिच्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी लग्न केलं, ऊसवाल्या हिंदू घरातल्या. आबांनी त्याला विरोध केला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. मुलगा चांगला आहे, एवढंच म्हणाले. पुढे त्या दोघांनी इंदापुरात घर बांधलं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. आबा बुद्धांची तसबीर आणि लेकीला साडी घेऊन एसटीने गेले. दारातून आत पाहतात तो लेक नवऱ्याशेजारी पाटावर बसून, त्याच्या हाताला हात लावून सत्यनारायणाची पूजा करत होती. आबांनी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि मागच्या पावली स्टँड गाठलं. पाणीसुद्धा प्याले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांच्यासाठी ती नव्हतीच. घरात तिचं नाव निघालं की ते उठून अंगणात जात. मीही मग नाव काढेनासा झालो. तिचा फोन आला आणि चुकून आबांनी उचलला, तर ते 'जयभीम' म्हणत, पलीकडून 'जयभीम, आबा' आलं की रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून जिन्याखालून मला हाक मारत. म्हणून आम्ही भावाबहिणीने ठरवलं, की रविवारी सकाळी मीच वरून फोन लावायचा. माझी बायको त्या वेळी विहारात महिला मंडळाच्या कामाला जायची. वर मी एकटा, खाली आबा एकटे.

दोनेक महिन्यांत त्या रविवारच्या फोनमध्ये बिघाड सुरू झाला. सुरुवातीला आवाज खणखणीत यायचा. अर्ध्या मिनिटाने कुठेतरी 'कट्' व्हायचं आणि बहिणीचा आवाज एकदम पडायचा. मी ओरडून बोलायचो, तीही ओरडायची. गंमत म्हणजे आठवड्याच्या इतर दिवशी हे व्हायचंच नाही. मी जोड सोडवले, तारा घासल्या, तारांचे काळे पडलेले पीळ कापून जोडांना सोल्डरचा डाग दिला. भिंतीवरची डबी बदलली. दोन्ही फोनची अदलाबदल केली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. विद्यार्थ्यांना ओहमचा नियम शिकवणाऱ्या माणसाला घरातली दोन यंत्रं जुळवता येऊ नयेत, याचा मला भयंकर राग यायचा आणि तो मी जिन्यावर, बायकोवर, कॉलेजातल्या शिपायावर काढायचो.

त्यात बहीण तिकडून नको ते सांगत बसायची. तहसील कचेरीसमोरचा लिंब तोडला. रेकॉर्ड रूम मागच्या इमारतीत हलवली. अमुक भाऊसाहेब निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाला सगळी कचेरी रडली. मला त्या कचेरीशी काय देणंघेणं? आवाज आधीच पडलेला, त्यात हे पुराण. मी तिला दोनदा तोडलं, की बाई, कामाचं बोल. आणि फोन ठेवताना ती दर वेळी 'जयभीम' म्हणायची. आम्ही भावंडं एकमेकांना असं कधी म्हणत नव्हतो. शाळेतली सवय असेल, असं समजून मी लगेच फोन ठेवायचो.

शेवटी नाक मुठीत धरून लाइनमनला बोलावलं. तो खांबावर चढला, स्वतःचा फोन लावून पाहिला, उतरला. माझी जिन्यावरची वायर पाहून हसू आवरत म्हणाला, "सर, लाइन एकदम ओके हाय. दोन्ही फोन एकदम उचललं तर आवाज पडणारच. घरात कोण उचलतंय का, तेवढं बघा."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रवाह दोन वाटांनी गेला की विभागतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. मी आबांच्या खोलीत गेलो आणि मी वर बोलत असताना ते खालचा फोन उचलतात का, असं विचारलं.

आबा खाटेवर बसून चष्मा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आमी कशाला उचलू?" ते म्हणाले. "न्हाय."

झालं. जो माणूस साहेबासाठी खोटं बोलला नाही, तो माझ्याशी खोटं बोलेल? मी बाहेर येऊन लाइनमनला ताठ मानेने सांगितलं, की आमच्या घरात खोटं बोलायची पद्धत नाही. बिघाड तुमच्याकडेच आहे. तो बिचारा हात जोडून गेला.

पुढच्या रविवारी बहीण बोलत होती, आवाज पडलेलाच होता. फोन ठेवता ठेवता ती नेहमीसारखं 'जयभीम' म्हणाली. आणि त्यावर लाइनमध्ये कुठून तरी, खोल आडातून यावा तसा एक पुरुषी आवाज आला, "जयभीम." फार हळू. त्या काळी क्रॉस कनेक्शन रोजचं होतं. आपल्या बोलण्यात परक्या गावची माणसं शिरायची आणि कांद्याचे भाव विचारायची. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कोण आहे लाइनवर?" मी ओरडलो. "ठेवा फोन खाली."

'कट्' झालं. आवाज क्षणात मोकळा झाला. पलीकडून बहिणीने फोन ठेवून दिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही. माझ्या बापाचा आवाज मला ओळखता आला नाही, कारण इतक्या मऊपणाने बोललेला मी तो कधी ऐकलाच नव्हता.

सोमवारी बारामतीच्या रेडिओच्या दुकानातून मी लाइन बदलायचा एक खटका आणला आणि वर बसवला. खटका वर केला की लाइन फक्त वरच्या फोनला, खालचा पूर्ण तुटलेला. बोलून झालं की खटका खाली करायचा, मग दोन्ही चालू. रविवारी खटका वर करून मी नंबर फिरवला. खाली किणकिण झाली नाही. बहिणीचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला. लाइन दुरुस्त केली, असं मी तिला छाती फुगवून सांगितलं.

ती बराच काळ कचेरीच्या बातम्या देत राहिली. मग हळूहळू कमी झाल्या. हिवाळा संपता संपता एका रविवारी ती अचानक म्हणाली, "त्या दिवशी सासूबाईंचं मन मोडवेना म्हणून बसले मी पूजेला. आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं." मी म्हणालो, जुनं झालं ते, कशाला उकरून काढतेस? ती गप्प. इतका वेळ गप्प, की लाइन गेली समजून मी हॅलो हॅलो करत बसलो. मग ती म्हणाली, काही नाही, जयभीम. आणि ठेवला.

आबा त्या दिवसांत खचत चालले होते. जेवण निम्म्यावर आलं होतं. रविवारी सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते फोनजवळच्या खुर्चीत बसायचे, हे मी येता-जाता पाहत होतो आणि म्हातारपणाचा चाळा समजत होतो. एकदा मी पेपर तपासत असताना ते जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले. रविवारी आता फोन करत न्हाईस का, असं विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, कुणाला करायचाय, आबा? 

"कुणाला न्हाय," ते म्हणाले आणि परत गेले.

उन्हाळ्यात ते गेले. दुपारी, त्याच खुर्चीत. मी बहिणीला फोन लावला तेव्हा सवयीने खटका वर केला होता, हे मला अजून आठवतं.

जलदानविधी झाला, माणसं पांगली. बहीण आबांच्या खोलीत खाटेवर बसून राहिली होती. मी पाणी घेऊन गेलो. तिने तांब्या हातात धरून ठेवला आणि विचारलं, "दादा, मी माफी मागितली ती आबांनी ऐकली ना? मग बोलले का नाहीत रे?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं, शांतपणे, मला समजेल असं. दर रविवारी आबा खालून ऐकत असायचे. त्यांचा श्वास तिला ओळखू यायचा, सर्दी असली की घशातली घरघरही. कचेरीच्या गोष्टी ती त्यांना सांगत होती, मला नाही. जयभीमही त्यांनाच. आणि एकदा त्यांनी उत्तर दिलं होतं. नंतर मी लाइन दुरुस्त केली, श्वास येईनासा झाला, तेही त्या दुरुस्तीमुळेच असं तिला वाटलं. आबा ऐकतायत या खात्रीने तिने चूक कबूल केली आणि ते बोलतील म्हणून थांबून राहिली.

मी तिला वर नेलं आणि खटका दाखवला. गप्प बसता आलं असतं. पण आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे ओझं तिने जन्मभर वाहिलं असतं. खटका वर असताना खाली काय व्हायचं, ते सगळं सांगितलं. घंटी किणकिणत नव्हती, आवाज जात नव्हता, काहीच नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने खटका एकदा वर केला, एकदा खाली.

"म्हणजे त्यांना वाटलं असणार," ती म्हणाली, "मी फोनच सोडला."

मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि आबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो. न उचलल्याचं खोटं सांगताना त्या माणसाने स्वतःची किती समजूत घातली असेल? खोटं न बोलायची त्यांची आयुष्यभराची मिजास मी ऐकत आलो होतो. ती त्यांनी लेकीचा आवाज कानावर पडावा म्हणून मोडली आणि मी त्याच शब्दावर विश्वास ठेवून तो आवाज तोडला.

दुसऱ्या दिवशी मी खटका काढला आणि तारा पुन्हा सरळ जोडल्या. रविवारी नंबर फिरवला की खाली, रिकाम्या खोलीत, आधी दहा वेळा किणकिण होते. बहीण आता कचेरीचं काही सांगत नाही. शाळेचं सांगते, भाज्यांचं सांगते. शेवटी जयभीम म्हणते, मीही म्हणतो, आणि आम्ही दोघंही लगेच फोन ठेवत नाही. लाइनमध्ये आता काही बिघाड नाही. तिचा आवाज अगदी स्वच्छ येतो.