अकरा सेकंदांचा हशा

आमच्या सारातोव्हच्या छोट्या नाटकघरात कापितोलिना सेर्गेयेव्हना र्‍याबोवा हशा मोजायची. चेष्टा नाही, खरोखर नोकरीच होती ती. त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकोणतीस साली, प्रेक्षक कुठे हसतात, कुठे खोकतात, कुठे जांभया देतात याचा तक्ता भरायचा हुकूम होता. विनोद हे नव्या समाजाचं हत्यार, मग त्याची धार तपासायला नको? कडेच्या वाटेत तिची खुर्ची, मांडीवर नाटकाची वही, हातात दिवंगत नवऱ्याचं घड्याळ. वाक्यासमोर लिहायचं: हशा, चार सेकंद. तक्त्याखाली दोन कार्बन. एक प्रत नाटकघराला, एक कपाटात, आणि एक खेळ संपताच शिपाई पक्षाच्या शहर समितीकडे घेऊन जाई.

तिला स्वतःला हसू फारसं येत नसे, पण तिचा आकडा पक्का. एकदा दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "कापा, दोन सेकंद वाढव ना गं, तुझं काय जातंय?" तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आठवडाभर नमस्कार करायचा विसरला.

एका गुरुवारी पोर्फिरी लुझगिन एका आळशी साहेबाचं काम करत होता. टेलिफोन लागत नाही म्हणून साहेब नुसता बसून राहतो, अशी जागा होती. लुझगिनने चहाचा पेला उचलला, भिंतीवरच्या थोर नेत्याच्या तसबिरीकडे पाहिलं, घाईघाईने कॉलरचं बटण लावलं, पेला अदबीने तसबिरीपुढे धरला, परवानगीची वाट पाहिली, आणि मग चोरून एक घोट घेतला. नाटकघर हशाने दणाणलं. कापाने सवयीने लिहिलं: हशा, अकरा सेकंद.

शिपाई निघून गेल्यावर तिची नजर वहीवर गेली. त्या जागी एकही शब्द नव्हता. कोरी जागा आणि तिच्यासमोर अकरा सेकंद! म्हणजे लोक तसबिरीलाच हसले, असं तो कागद समितीला सांगणार होता.

लुझगिन रंग पुसतच आला. "कापा, ते लिहिलं नाहीस ना?"

"लिहिलं."

"किती?"

"अकरा."

"अकरा?" क्षणभर त्या वेड्याचा चेहरा उजळला, मग पांढरा फटक पडला. "अगं बये, माझी पोर न्यूशा अजून चालायला शिकतेय. काहीतरी कर गं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बोलावणं आलं. समितीतले कॉम्रेड झिल्त्सोव्ह फार सभ्य माणूस. सभ्य माणसांचीच आम्हाला जास्त भीती वाटायची.

"बसा, कापितोलिना सेर्गेयेव्हना. चहा घेणार? तुमचा तक्ता म्हणजे आरसा असतो अगदी. फक्त इथे मला कळेना. इथे कोणी काही बोलतच नाही, मग लोक कशाला हसले?"

"मला हसले," ती म्हणाली. "मी खुर्चीवरून पडले."

"अरेरे! कशा पडलात?"

"अशीच. तोल गेला."

"नाही, म्हणजे कशा? दाखवा ना."

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई उठली, खुर्ची ओढून नीट लावली, बसली, आणि कडेवरून घसरून धाडकन खाली आदळली. खुर्ची अंगावर आली. कंबरेतून कळ गेली. लाजेने तिला रडू फुटायचं बाकी होतं.

झिल्त्सोव्ह हसला नाही. "मला तर हसू आलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "तीनशे लोकांना अकरा सेकंद कसं आलं?"

"तिथे तुम्ही नव्हतात ना, कॉम्रेड," तिच्या तोंडून निघून गेलं.

आपण काय बोललो हे कळून तिची पाचावर धारण बसली. आता आपण, लुझगिन, ती न्यूशा, सगळेच गेलो, असं वाटून तिने डोळे मिटले. तेवढ्यात झिल्त्सोव्ह हसला. भीतीतही तिने मोजलं. तीन सेकंद.

त्याने तक्त्यावर लिहिलं, 'कर्मचारी पडल्याने', आणि खाली सही केली. मग स्वतः हात देऊन तिला उठवलं.

"सांभाळून बसत जा. आणि लुझगिनना सांगा, पुन्हा कोणी पडलं तर मला हसू येणार नाही."

लुझगिनचं नाव तिने काढलंच नव्हतं. जिना उतरताना तिने कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी लुझगिनने चहाला हातही लावला नाही. तिचे हात त्याने धरले, पण डोळ्याला डोळा द्यायची दोघांचीही हिंमत झाली नाही.

कापाची नोकरी पुढे सहा वर्षं टिकली. पडल्यापासून ती थोडी लंगडत असे. वहीत शब्द नाहीत तिथे ती कधीच हशा लिहीत नसे, मग छप्पर का उडेना. पुढे ती आधी वही वाचून, कुठे हसायला परवानगी असेल ते ठरवून ठेवू लागली. शेवटी शेवटी तर तक्ता घरूनच भरून आणायची, घड्याळाला चावीसुद्धा देत नसे.

तो तक्ता एकदाही चुकला नाही.