कोयला टाकणारा

आमच्या चौबे कॉलोनीच्या फिल्म क्लबात मी एक जुना हॉलिवूडपट दाखवला. नदीत दोन वाफेच्या बोटींची शर्यत, शेवटी एकीचा बॉयलर फुटतो. नंतर मी कप्तानाच्या धाडसावर अर्धा तास बोललो, कारण माझं बोलणं मला फार आवडतं. मागे भनपुरीच्या कारखान्यातला एक बॉयलरवाला बसला होता. शर्यतीला सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा तो रुमालानं मान पुसत होता.

त्यानं हळूच विचारलं, "सर, खाली कोयला टाकून राहिला होता, तो माणूस वाचला का जी? नंतर मले दिसलाच नाही."

चित्रपट चारदा पाहूनही मला तो माणूस आठवेना.

"वाचला ना," मी ठोकून दिलं. त्यानं सुटकेचा सुस्कारा सोडला.

पुढच्या रविवारी तो बॉयलरवरचे तीन सोबती घेऊन आला आणि पहिल्या रांगेत बसला.

"सर, यायले सांगा," सोबत्यांकडे बोट करत तो म्हणाला, "तो कसा वाचला ते."